कनातीच्या अलीकडं

तीन दिवसांची स्पर्धा, होटगी रोडचं मैदान,
आणि जेवणाचं कंत्राट माझं.
बारा संघ, शिवाय पंच, पाहुणे,
बोलावलेले, न बोलावलेले.
साहेब म्हणाले, येमूल, तुम्हाला तर आवड आहे खेळाची,
मग ताटाचा दर थोडा कमी लावा की.
लावला.

आवड म्हणजे काय, साहेब,
बावीस वर्षं झाली या एका संघाच्या मागं.
आमच्या दाजी पेठेत बेसबॉल म्हटलं
की म्हणतात, विटीदांडूच की ओ, फक्त विटी गोल.
मी आता भांडत नाही.
सामने नेमके लग्नसराईत.
बुंदी पाडता पाडता किती उपांत्य फेऱ्या हुकल्या.
एकदा नवऱ्या मुलाच्या मामानं विचारलं,
आचारी रडतोय का रे?
म्हटलं, कांदा.
बिदरला हरलो होतो, एका धावेनं.

यंदा सामनाच माझ्या दारात आला
तर मध्ये ही पिवळी कनात.
पलीकडं माझा संघ,
अलीकडं चाळीस किलो तांदूळ भिजलेला.
डाव तिकडं रंगतो,
डाव इकडं माझ्या हातात, आमटीत बुडालेला.

दिसत नाही, तर ऐकतो.
चेंडू बॅटच्या मधोमध लागला
की आवाज कोऱ्या पातेल्याचा.
कडेला लागला की पोचा आलेल्या घागरीचा.
झेल हातमोज्यात बसतो तो आवाज मात्र
थेट भाकरी थापल्यासारखा,
आणि इथं नागम्मा सकाळपासून थापतेय.
कोण बाद झालं, काय थापलं, कळायला मार्ग नाही.
नागम्मा, एक मिनिट थांब गं.
थांबते की. मग जेवायला काय वाढणार,
तुमचा तो पिचर?

पिचर सिद्राम, एसटी डेपोत हेल्पर,
रजा टाकून आलाय.
कॅचर इलाही, त्याच्या बापाबरोबर
मी यंत्रमागावर रात्रपाळी केली.
हे सगळं कुणाला सांगायचं,
वाढप्यांना? ते मोबाईलवर क्रिकेट बघतात.

दोन दिवसांत एक शिकलो,
धावफलक ताटातही दिसतो.
जिंकलेले घोळक्यानं येतात, वाढपी त्यांना दिसतच नाही,
शेंगाचटणी सांडत बोलत राहतात.
हरलेले मुकाट्यानं रांगेत उभे राहतात
आणि पहिल्याच डावाला म्हणतात, पुरे.
पंच रोज सारखेच जेवतात. भरपूर.

शेवटच्या दिवशी, नववा डाव.
लाऊडस्पीकर मधेच खरखरून बंद पडला.
मला राहवलं नाही,
कनातीचा कोपरा उचलला, गुडघ्यावर बसलो.
दिसलं काय?
एका पंचाच्या पोटऱ्या.
उन्हात उडालेली माती.
आणि एक सावली, पळत सुटलेली, घराकडं,
माणूस दिसायच्या आतच
मागून वास आला.
आमटी लागली होती बुडाला.

मी उठलो. पातेलं उतरवलं.
तेवढ्यात पलीकडं आरडाओरडा,
खुर्च्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली, मारतच राहिलं.
कुणाची माणसं ती, आमची की कोल्हापूरची,
नागम्मा म्हणाली, जावा, बघून या.
मी म्हटलं, दीडशे ताटं आहेत.
खरं तर पाय उचलत नव्हता.

मग ते आले.
सिद्राम पुढं, नखांत माती,
रांगेत उभा, गप्प.
माझ्या पोटात गोळा.
डावभर वाढलं. पुरे म्हणाला नाही.
अजून एक वाढला.
ताट तसंच पुढं.
माझा बावीस वर्षांचा हिशोब तिथं अडकला.
विचारायला तोंड उघडलं
तर मागून इलाहीच आला, दुसऱ्यांदा, वाटी घेऊन.
मामा, आमटी लागलीय की ओ.

माहिताय, म्हटलं.
नवव्या डावात लागली.